किडनी सोडून बाकी सगळं

"किडनीशी संबंधित सोडून बाकी सगळं कव्हर होईल, मॅडम," फोनवरची मुलगी म्हणाली, आणि बारकीच्या हातातला दात मेणात जरा तिरका बसला. तिने फोन कान आणि खांदा यांच्यात धरला होता. समोर कुणा अनोळखी म्हाताऱ्याची वरची कवळी अर्धी लावून झाली होती आणि स्पिरिटच्या दिव्यावर सुरी तापत होती. "बाकी सगळं म्हणजे काय?" तिने विचारलं. "म्हणजे प्रवासातले अपघात, फ्रॅक्चर, ताप, पोटाचे विकार, सामान हरवणं..." मुलगी समोरचं वाचत होती हे कळत होतं. कवळ्या करण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला आवाजावरून दात दिसतात. या मुलीच्या पुढच्या दोन दातांत फट असणार, तिचा प्रत्येक 'स' बारीक शिट्टी घालून येत होता. "आणि मला ताप आला, तर तो किडनीमुळे आला नाही हे कोण ठरवणार?" "ते आमचं वैद्यकीय पथक ठरवेल, मॅडम." "पाय मोडला तर? माझी हाडं किडनीनेच ठिसूळ केलीत. धाप लागली तर तीही तिच्यामुळेच. रक्त कमी आहे ते तिच्यामुळे, दाब चढतो तो तिच्यामुळे. माझ्यात तिच्याशी संबंधित नाही असं काय उरतं तेवढं सांगा, मी तेवढ्याचाच विमा काढते." मग मुलीने चाचरत विचारलं, "दात?" बारकीला इतकं हसू फुटलं की शेजारच्या टेबलावर साच्यात प्लास्टर ओतणाऱ्या बाईंनी मान वर करून पाहिलं. मुलगीही हसली, आणि हसताना तिचा कामाचा आवाज गळून पडला. "मॅडम, मी सांगितलं असं कुणाला सांगू नका," ती म्हणाली, "पण तुम्ही दुसरीकडे विचारा. आधीपासूनचा आजार धरणारे लोक आहेत. खूप प्रश्न विचारतात, अगदी पिच्छा पुरवतात, पण धरतात."

तो तिरका दात बारकीने काढून पुन्हा लावला, कवळी पुरी केली, हात धुतले, डबा पिशवीत टाकला आणि घराकडे चालायला लागली, पण ते वाक्य काही तिला सोडेना. किडनीशी संबंधित सोडून. ती रस्त्याने जाताना स्वतःतून एकेक गोष्ट वजा करत चालली होती. पाणी पिणं गेलं, कारण घोट मोजून प्यावा लागतो. फळं गेली, मिठाची चव गेली. दिवसाआड चार तास गेले, ते मशीनचे. आरशातला पिवळट रंग गेला, जिना चढताना मधल्या वळणावर थांबणं गेलं. मग कोपऱ्यावरच्या काचेत तिला स्वतःचं प्रतिबिंब दिसलं, पिशवी सांभाळत तुरुतुरु चालणारी एक बुटकी बाई, आणि तिला वाटलं, ही चाल तरी माझीच आहे, ही आधीपासून अशीच होती. शाळेत असतानाही ताई ओरडायची, बारके, नीट चाल, कुणी मागे लागल्यासारखी काय धावतेस. केस पिकले, चाळिशीचा चष्मा लागून जुना झाला, तरी ती अजून बारकीच होती. ज्यांनी हे नाव पाडलं त्यांच्यातली आता ताई तेवढी उरली होती, आणि ताई समुद्रापलीकडे होती.

हे सगळं सुरूही ताईमुळेच झालं होतं. एका सकाळी फोन आला. ताई आधी इकडचंतिकडचं बोलली, मग घसा खाकरला, आणि बारकीने हातातला कप खाली ठेवला, कारण या वयात बहीण घसा खाकरते ती काही बरं सांगायला नाही. "मी लग्न करतेय," ताई म्हणाली. बारकी खाटेवर बसली. थोरले मेहुणे जाऊन किती वर्षं झाली होती, ताईला नात होती, गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. "कुणाशी?" "लिफ्ट दुरुस्त करणारे आहेत. आमच्या लिफ्टमध्ये मी अडकले ना, तेव्हा ते खालून त्या जाळीतून माझ्याशी बोलत बसले. घाबरू नका म्हणाले, आणि मग स्वतःच्या मांजराचं काय काय सांगत राहिले. बाहेर काढलं तेव्हा चेहरा पाहिला. आवाजाच्या मानाने चेहरा जरा कमी पडला, पण म्हटलं चालेल." दोघी बहिणी मग फोनवर इतकं हसल्या की बारकीचा नवरा दाढीचा फेस तसाच तोंडाला घेऊन मोरीतून बाहेर आला. शेवटी ताई म्हणाली, "दरवेळी मीच येते. माझं घर तू पाहिलेलं नाहीस, बारके. या खेपेला तू ये." आणि बारकी काहीच विचार न करता "येते" म्हणून बसली. फोन ठेवल्यावर तिची नजर स्वतःच्या उजव्या हाताकडे गेली.

त्या हातात, कोपराच्या जरा खाली, धमनी आणि शीर जोडून केलेली जागा होती. डॉक्टर तिला फिस्टुला म्हणत. तिथेच सुया टोचायच्या, तिथूनच रक्त मशीनमध्ये जाऊन धुऊन परत यायचं. डाव्या हाताच्या शिरा बारीक निघाल्या, तिथला प्रयत्न फसला, म्हणून नाइलाजाने कामाचा हातच द्यावा लागला होता. बोट टेकवलं की कातडीखाली सारखी एक गुणगुण लागे, डबीत कोंडलेल्या भुंग्यासारखी. पहिल्या वर्षी तिला त्या गुणगुणीची शिसारी यायची. पुढे सवय झाली, आणि त्याहीपुढे ती सकाळी जाग आली की डोळे उघडायच्या आधी तिथे बोट ठेवून बघायला लागली.

नवऱ्याने बातमी ऐकून आधी आनंदाने बायकोची पाठ थोपटली आणि मग त्याचा उजवा पाय जमिनीवर दाबला गेला. तो लोकांना मोटार चालवायला शिकवायचा. शिकाऊ माणसाच्या शेजारी बसून आपल्या बाजूचा ब्रेक दाबण्यात त्याची उमर गेली होती, आणि आता घरातसुद्धा काळजीचं काही निघालं की त्याचा पाय आपोआप खाली जाई. "तिकडे मशीन मिळेल का? मधेच काही झालं तर? तिकडच्या हॉस्पिटलचे पैसे आपण सात जन्मांत फेडू का?" तो प्रश्न विचारत होता आणि पाय दाबत होता. "अहो, गाडी अजून सुरूही झालेली नाही," बारकी म्हणाली.

फटवाल्या मुलीने सांगितलं होतं तसे दुसरे लोक सापडले. फोनवर एक पुरुष होता, सुक्या, इस्त्री केलेल्या आवाजाचा. त्याने खरोखरच पिच्छा पुरवला. आजार कधीपासून, कारण काय, वर्षभरात कितीदा भरती, छातीत दुखतं का, पायाला सूज, गोळ्यांची नावं, प्रत्येक गोळी किती दिवसांपासून. बारकीला वाटलं होतं आपण या उलटतपासणीने खचून जाऊ. पण झालं भलतंच. इतकी वर्षं लोक तिला नुसतं "बरी आहेस ना" एवढंच विचारत आले होते आणि ती नुसतं "हो" म्हणत आली होती. हा माणूस सगळं विचारत होता आणि उत्तर पुरं होईपर्यंत थांबत होता. "प्रवासाचा हेतू?" "बहिणीचं लग्न." "बहिणीचं वय?" तिने सांगितलं. "ते तुमच्या यादीत आहे का?" तिने विचारलं. "नाही," तो म्हणाला, "ते मीच विचारलं." मग त्याने नीट समजावून सांगितलं. नेहमीचं डायलिसिस विम्यात येणार नाही, ते तिकडे आधीच ठरवून जा आणि तुमचं तुम्ही भागवा. त्याखेरीज अचानक जे बिघडेल, सुईची जागा बंद पडली, जंतू शिरले, भरती व्हावं लागलं, ते सगळं आमच्याकडे, किडनीसकट. तिकडे भरती होण्याची वेळ आली तर या नंबरवर आधी फोन करा. आणि निघण्याआधी एखादी गोळी जरी बदलली तरी कळवा, नाही कळवलंत तर हा सगळा कागद फुकट. शेवटी तो जरा अडखळला. "आणि, अं, वाईट प्रसंग आलाच, तर पार्थिव परत आणण्याचा खर्चही धरलेला आहे." फोन मोठ्या आवाजावर होता. नवऱ्याचा पाय फरशीवर इतक्या जोरात आला की खालच्या मजल्यावरून कुणीतरी ठोकलं. "म्हणजे येताना तरी आडवं पडून यायला मिळेल," बारकी म्हणाली. सुका आवाज पहिल्यांदाच खोकल्यासारखा हसला.

मग तयारीला जोर आला. ताई तिच्या घराजवळच्या डायलिसिस केंद्रात जाऊन बसली आणि खुर्ची राखून ठेवल्याशिवाय उठली नाही. त्यांनी काविळीच्या तपासण्या मागितल्या, मागच्या काही डायलिसिसचे तक्ते मागितले, कोरडं वजन किती ते विचारलं. मशीनने जादा पाणी काढून टाकल्यावर अंगाचं जे खरं वजन उरतं त्याला कोरडं वजन म्हणतात. बारकीला हा शब्द फार आवडे. बाकीच्या जगाला आपलं खरं वजन माहीतच नसतं, असं तिला मनातून वाटे. औषधं मूळ खोक्यांतून, दोन बॅगांत वाटून, सगळी विमानात जवळ ठेवायची, वर डॉक्टरांचं पत्र. दिवस मजेत चालले होते, आणि निघायला आठवडा राहिला असताना डॉक्टरांनी तिचा रक्तदाब दोनदा मोजला, ओठ चावला आणि एक गोळी बदलून दिली.

"घाबरण्यासारखं काही नाही," डॉक्टर म्हणाले. "प्रवास करा खुशाल." जेवण झाल्यावर नवरा म्हणाला, "एक गोळी तर आहे. कशाला उगाच कळवायचं? नाही म्हणाले तर सगळंच बोंबललं. ताईंना काय सांगणार?" तो वाईट माणूस नव्हता. त्याला तिला लग्नाला न्यायचं होतं, इतकंच. बारकीने ताटं उचलली. दुसऱ्या दिवशी ती कामावर गेली आणि हातात आलेलं पहिलंच काम घेऊन बसली, एका बाईच्या दोन्ही जबड्यांचं. दंतवैद्याने पाठवलेला मेणातला चावा, म्हणजे जबडे मिटल्याचा ठसा, तिने उजेडात धरला आणि पाहताक्षणी तिला कळलं की हा खोटा आहे. असं पुष्कळदा होतं. खुर्चीत बसलेल्या माणसाला सांगतात, चावा, आणि तो बिचारा आपल्या रोजच्या सवयीने न चावता चांगला चावायला जातो, जबडा जरा पुढे काढून, शहाण्या मुलासारखा. त्या चाव्यावर कवळी केली तर दिसते झकास, तोंडात बसतेही, पण पहिला घास घेतला की निसटते. तिने तो चावा पाठवून दिला, पुन्हा घ्या अशी चिठ्ठी लावून. मग हात पुसले, मागच्या खोलीत प्लास्टरच्या पोत्यावर बसली आणि विम्याचा नंबर लावला.

सुका आवाजच आला. तिने गोळीचं नाव सांगितलं. तो म्हणाला, हे मला ठरवता येणार नाही, वरच्या डॉक्टरांना विचारावं लागेल, डॉक्टरांचं नवीन पत्र पाठवा, आम्ही कळवू. ते दोन दिवस बारकी वरवर नेहमीसारखीच वागत होती, पण तिच्या आत एक घर भराभर रिकामं होत होतं. ते न पाहिलेलं ताईचं घर. त्याच्या खिडक्या तिने फोनवरच्या बोलण्यातून बांधल्या होत्या, जिना बांधला होता, स्वयंपाकघरात ताई ज्या स्टुलावर चढून वरचा डबा काढते ते स्टूल ठेवलं होतं. आता ती रात्री अंथरुणात पडून एकेक वस्तू उचलून बाहेर ठेवत होती, म्हणजे नाही जायचं ठरलं तर एकदम धक्का नको. स्टूल मात्र तिला हलवता येईना. ते फार जड झालं होतं. लहानपणी अशाच एका स्टुलावर उभी राहून ताई तिच्या वेण्या घालायची. नाही, बारकी स्टुलावर असायची आणि ताई खाली. की दोघींना उंची पुरत नव्हती म्हणून दोघी आळीपाळीने? असं आठवता आठवता तिला झोप लागायची. तिसऱ्या दिवशी दुपारी कामावर फोन आला, तशी ती मागच्या खोलीतल्या पोत्यावर जाऊन बसली. "मंजूर आहे," सुका आवाज म्हणाला. "रक्तदाबासाठी खर्चातला तुमचा वाटा थोडा वाढवलाय, बाकी सगळं तसंच. मॅडम, एक सांगू? बहुतेक लोक कळवत नाहीत." बारकीने आभार मानले. पोत्यावरून उठली तेव्हा साडीला मागे पांढरं प्लास्टर लागलं होतं आणि ते संध्याकाळपर्यंत तसंच होतं.

विमानात नवऱ्याने उतरताना दोन्ही पायांनी ब्रेक लावला. विमानतळावर ताई दिसली. केस पूर्ण पांढरे, गुडघा जरा वाकडा, आणि शेजारी लिफ्टवाले, उंच, लाजरे, कान मोठे. ताईने बारकीला मिठी मारली आणि लगेच दूर धरून पाहिलं. "वाळलीस." "कोरडं वजन आहे," बारकी म्हणाली. लिफ्टवाल्यांना भाषा येत नव्हती, पण त्यांनी ताईकडून शिकलेलं एकच वाक्य पाठ करून ठेवलं होतं. ते त्यांनी हात जोडून म्हटलं, "जिना नाही, लिफ्ट आहे." ताईचं घर बारकीने बांधलेल्या घरासारखं मुळीच नव्हतं. खिडक्या लहान होत्या, स्टूल नव्हतंच. तिला त्याचं जराही वाईट वाटलं नाही. दुसऱ्या दिवशी ती केंद्रात गेली. भिंती हिरव्या, नर्स धिप्पाड, कुणाचं अक्षरही कळत नव्हतं. सुया लागल्या, मशीन फिरू लागलं, आणि काही वेळाने पलीकडच्या खुर्चीशेजारच्या मशीनने पिपाणी वाजवली, तीन बारीक, एक लांब. नळी दुमडलीय, बारकीच्या मनात आलं, आणि नर्सने जाऊन दुमडलेली नळीच सरळ केली. मग आणखी एक मशीन वाजलं, हवेचा बुडबुडा. तोही बरोबर. ती उशीवर डोकं टेकून स्वस्थ पडली. या देशातलं तिला एवढं तरी सगळं समजत होतं.

लग्नाच्या आदल्या सकाळी ती जागी झाली, डोळे मिटलेलेच ठेवले, आणि उजव्या हातावर बोट ठेवलं. काहीच नव्हतं. तिने बोट सरकवलं. मग तळवा ठेवला, मग हात कानाशी नेला. कातडी गार आणि गप्प. बाहेर कुठेतरी कचऱ्याची गाडी थांबली, डबा आपटला, पुढे गेली. हे सगळं तिला अतिशय स्पष्ट ऐकू येत होतं आणि हातातून मात्र काही येत नव्हतं. भीती वाटली, पण मोठी नाही; घरात नेहमी चालू असलेला पंखा बंद पडावा तशी खोली एकाएकी परकी वाटली. रक्ताची गुठळी. लवकर काढली तर जागा वाचते, उशीर झाला तर गेली, आणि ती गेली म्हणजे मानेत नळी, नवीन ऑपरेशन, आणि ऑपरेशनसाठी हात तर आता दोन्ही वापरून झालेले. तिने नवऱ्याला हलवलं. "अहो, उठा. हात बंद पडला. विम्याचा नंबर लावा."

हॉस्पिटलात त्यांनी हात पाहिला, यंत्र फिरवलं, माना हलवल्या. गुठळी काढता येईल, आजच काढायला हवी, पण बाहेरच्या माणसाचा खर्च कोण देणार याची हमी आधी हवी. नवरा फोनला चिकटला होता आणि त्याचा पाय फरशीवर एकसारखा दाबला जात होता. विम्याच्या मदत केंद्रावरची बाई शांत होती. तिने बारकीलाच फोन मागितला. "आजार सांगितलेला आहे?" "सगळा." "हल्ली काही औषध बदललं होतं?" "बदललं होतं आणि कळवलंय. तुमच्याकडे असेल, बघा." टकटक टकटक. पलीकडे ती बाई शोधत होती आणि इकडे ताई भिंतीला टेकून उभी होती, केसांना लग्नासाठी लावलेल्या चापांसकट. बारकीच्या डोक्यात या वेळी काय यावं? ती फटवाली मुलगी. तिला एकदा सांगायला हवं होतं की दातसुद्धा हाडांचेच भाऊबंद आहेत, तेही पुरते सुटलेले नाहीत. "सापडलं," बाई म्हणाली. "काळजी करू नका. हॉस्पिटलला आत्ता पत्र पाठवते." आणि पाठवलं. ते आल्याचं काउंटरवरच्या माणसाच्या चेहऱ्यावरून कळलं, कारण त्याने पहिल्यांदाच त्यांना बसायला खुर्ची दिली.

हात तेवढा बधिर करून त्यांनी काम केलं. बारकी जागीच होती. पडद्यापलीकडे दोन डॉक्टर आपसात काहीबाही बोलत होते, बहुधा जेवणाबद्दल, कारण मधेच एक जण चुकचुकला. तिला दुखत नव्हतं, नुसतं खेचल्यासारखं वाटत होतं, जणू कुणी लांबवर दोरीवर वाळत घातलेले कपडे ओढून घेतंय. अमुक एक भाग माझा, अमुक आजाराचा, हे वजा करत बसणं तिने रस्त्यातच कधीतरी सोडून दिलं होतं. ते आता तिच्या लक्षात आलं. काय जे होतं ते सगळं एकाच अंगात राहत होतं आणि सगळंच्या सगळं इथे आलं होतं, बहिणीच्या लग्नाला. डॉक्टरने तिचं बोट धरून नेऊन हातावर टेकवलं. भुंगा परत आला होता. जरा रागावलेला होता, पण आला होता. त्या दिवशी त्यांनी तिला ठेवून घेतलं. ताई घरी जाईना. "अगं, उद्या लग्न आहे, डोळ्यांखाली काळं येईल," बारकी म्हणाली. "आलं तर आलं. त्यांनी मला लिफ्टमधून रडत बाहेर येताना पाहिलंय," ताई म्हणाली, आणि खुर्चीत बसल्या बसल्या घोरायला लागली.

सकाळी सोडलं ते थेट नोंदणी कचेरीत. उजवा हात बोटांपर्यंत बांधलेला, हलवायला बंदी. लिफ्टवाल्यांनी निळा कोट घातला होता, नवऱ्याने गळ्यात कॅमेरा, ताईने अंजिरी रंगाचं रेशीम. सगळं काही मिनिटांत उरकलं, आणि मग कारकुनाने साक्षीदारांना बोलावलं. ताईच्या बाजूने बारकी. कारकुनाने पासपोर्ट उघडला, रजिस्टर पुढे केलं, पेन दिलं. बारकीने ते डाव्या हातात घेतलं. बारीक बारीक दात ओळीत बसवणारी ती, पण डाव्या हाताने तिने उभ्या जन्मात एक अक्षर काढलेलं नव्हतं. सही उताराला लागली, मधेच चढली आणि चौकटीच्या बाहेर जाऊन थांबली. कारकुनाने पासपोर्टातली सही पाहिली, ही पाहिली, आणि भुवया वर नेल्या. लिफ्टवाले पुढे झाले, हाताच्या पट्टीकडे बोट दाखवून बरंच काही बोलले. त्यात एकदा मांजर आल्यासारखं वाटलं. कारकून ऐकून घेत होता. मग त्याने दोघांना येणाऱ्या मोडक्यातोडक्या भाषेत बारकीला विचारलं, "ही तुमची सही आहे?"

बारकीने रजिस्टरकडे पाहिलं. ओळीत वर ताईची सही होती, रेखीव. खाली तिची, पडत झडत आलेली, पण पोचलेली.

"आजची आहे," ती म्हणाली.

कारकुनाने क्षणभर विचार केला, आणि शिक्का मारला. मागे नवरा फोटो काढत होता आणि ताई, नवऱ्या मुलाचा हात तसाच सोडून, बहिणीने काढलेल्या त्या वेड्यावाकड्या अक्षरांवर फुंकर घालत होती, शाई लवकर वाळावी म्हणून.